शिखराच्या अलीकडे

कांचनजंगाची चढाई आमच्या घरी पोळ्या होत असताना चालायची. नॉटिंगहॅमच्या त्या घरात स्वयंपाक आणि जेवण एकाच खोलीत. बाबा हॉस्पिटलमधून यायचे, हातपाय धुऊन कार्डिगन चढवायचे, टेबलाच्या टोकाला बसायचे आणि लायब्ररीतून आणलेलं जाडजूड पुस्तक उघडायचे. पुस्तक इंग्रजी, पण त्यांचं वाचणं मराठीत. डोळे इंग्रजी ओळींवरून फिरत असायचे आणि तोंडातून मराठी यायचं, मध्ये अडखळत, कधी एखाद्या शब्दापाशी बराच वेळ थांबून. कॅम्प फाइव्हचा पाचवा मुक्काम व्हायचा. रिजची धार व्हायची. वाऱ्यानं कड्याच्या बाहेर लोंबत गेलेल्या बर्फासाठी त्यांनी छज्जा हा शब्द मुक्रर करून टाकला होता. आईला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. ती जवळच्याच प्रायमरी स्कूलमध्ये डिनर लेडी होती, म्हणजे दुपारचं जेवण वाढणारी, आणि मुलांना गाजरं खायला लावण्यापुरतं तिचं इंग्रजी चांगलंच कडक होतं. पण दिवसभर ते बोलून झाल्यावर संध्याकाळी घरात तिला ते नको असायचं. म्हणून बाबा तिच्यासाठी पर्वत मराठीत आणायचे.

बाबा भूलतज्ज्ञ होते. पुण्यात वाढलेल्या सगळ्या मुलांसारखे ते सिंहगड चढले होते, पण हिमालयातलं एकही शिखर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. इंग्लंडात आल्यावर लायब्ररीत त्यांना गिर्यारोहणाची पुस्तकं सापडली आणि मग त्यांनी दुसरं फारसं काही वाचलं नाही. त्यांत कांचनजंगा त्यांचा सगळ्यांत लाडका. एव्हरेस्टविषयी ते जरा तुटक बोलायचे, जसं एखाद्या फार पैसेवाल्या नातेवाइकाबद्दल बोलतात. कांचनजंगा मात्र घरचा होता. एके काळी जगातलं सर्वांत उंच शिखर तेच असं लोक समजत होते, मग मोजदाद होऊन त्याचा नंबर खाली गेला, याचं बाबांना मनापासून वाईट वाटायचं. त्या नावाचा अर्थ बर्फातले पाच खजिने असा आहे आणि त्यांतला एक खजिना मिठाचा आहे, हे ऐकून आई म्हणाली होती, "मीठ ठेवलंय म्हणजे कुणीतरी बाईमाणसानं ठेवलं असणार."

त्या वाचनाचे आवाज मला अजून वेगवेगळे काढून ऐकता येतात. गॅस फायरची फुसफुस, लाटण्याची लय, खिडकीच्या काचेवरून ओघळणारी वाफ. हिमकडा कोसळून मुक्काम गाडले जायचे आणि त्याच वेळी कुकरची शिट्टी व्हायची. आमसुलं संपली की आई आमटीत रूबार्ब घालायची. मागच्या अंगणात ते तणासारखं माजलेलं होतं. त्या आंबट वासातच मला जर्मन तुकड्यांचे पराभव आणि पहिल्या-पहिल्या धाडसी, भांडखोर लोकांच्या मोहिमा आठवतात. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो बशीत बोट फिरवत ऐकायचा. त्याचं बोट कुठल्या वाटेनं फिरतंय हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दादा गेल्या हिवाळ्यात गेला. ब्रॅकनेलच्या त्याच्या घरी कपडे, कागद आवरताना त्याच्या मुलीनं मला विचारलं, "आत्या, डॅड खरंच हिमालया क्लाइम्ब केला होता?" मी हो म्हणाले, मग नाही म्हणाले, मग म्हणाले मी लिहून ठेवते. तिला मराठी वाचता येत नाही. तरी मी मराठीतच लिहिते आहे, कारण जे झालं ते मराठीतच झालं आणि दुसऱ्या भाषेत ते मला सांगता येईल असं वाटत नाही. तिला मी वाचून दाखवीन, बाबांच्या उलट दिशेनं.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बाबांनी वाचलं ती संध्याकाळ महत्त्वाची. दोघं जण सगळ्यांत वरच्या मुक्कामावरून निघतात. वाट चुकतात, वेळ जातो, ऑक्सिजन संपत येतो. शेवटी खडकाची भिंत आडवी येते, तिच्यातल्या एका भेगेत हात-पाय रुतवून ते वर येतात, आणि समोर काय, तर सोपा, गोल, बर्फाचा माथा. चार ढांगा टाकल्या की झालं. तिथं ते थांबतात. सिक्कीमच्या राजाला शब्द दिला होता की माथ्यावर पाय ठेवणार नाही, कारण तिथले लोक त्या पर्वताला देव मानतात. आईचं लाटणं थांबलं.

"थांबले?"

"थांबले. दुसऱ्या दिवशी आणखी एक जोडी आली, तीही तिथंच थांबली."

"कोणी बघायला होतं का वर?"

"वर कोण असणार?"

आई थोडा वेळ तव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शहाण्या घरची मुलं." आणि पोळी करपली.

आई सकाळी पलंगावरून उतरण्याआधी जमिनीला हात लावून, पाय लागतो त्याची माफी मागणारी. आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर वाकून नमस्कार करायचा, माणसाला लागला तरी करायचा. तिला त्या दोन इंग्रजांचं वागणं समजायला काहीच कष्ट पडले नाहीत. तिच्या मनात ते एका पर्वताचं, एका राजाच्या विनंतीचं म्हणून राहिलंच नाही. हिमालयात अशी रीत आहे, एवढंच तिनं धरलं.

युनिव्हर्सिटीत गेल्यावर दादा खरोखरचा चढायला लागला. दर रविवारी पीक डिस्ट्रिक्टमधल्या काळ्या खरखरीत कड्यांवर जायचा आणि बोटांची सालं काढून घरी यायचा. त्याच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला कॉलिन असायचा. कॉलिनचे वडील कोळशाच्या खाणीत होते. तो स्वतः सहा फुटांच्या वर, बोलायला कमी आणि खायला भरपूर. आई त्याला कॉलिनराव म्हणायची, तो तिला आई म्हणायचा. ब्रॅमली नावाच्या आंबट सफरचंदांचं तिनं घातलेलं लोणचं तो बरणीतून चमच्यानं खायचा आणि डोळ्यांत पाणी आलं की म्हणायचा, खाणीत गेलो असतो तर बरं झालं असतं. बाबा त्याच्याशी कांचनजंगावर तासन्‌तास बोलायचे. कॉलिननं त्यांतलं निम्मंसुद्धा वाचलेलं नव्हतं. घरातल्या त्या दिवसांत बाबा इतके बोलके होते की आज विचार करते तेव्हा वाटतं, ते त्यांचे सुखाचे दिवस होते.

मग दादाच्या क्लबाची मोहीम ठरली. नेपाळमधलं शिखर, कांचनजंगाच्या अंगाला, पण त्याच्यापुढे अगदी लहान. नकाशात त्याला नाव नव्हतं, फक्त उंचीचा आकडा होता. आजवर कोणी चढलेलं नव्हतं. दादा आणि कॉलिन दोघांचीही निवड झाली. आई नाही म्हणाली. ती ओरडली नाही, रडली नाही, फक्त विषय निघाला की उठून कपडे वाळत घालायला जायची, पाऊस असला तरी. दादा काही लहान नव्हता, तिकीट काढून निघून जाऊ शकला असता. पण आमच्यात असं निघून जात नाहीत. पाया पडून, हातावर दही घेऊन जायचं असतं, आणि दही आईनं घालायचं असतं. कॉलिनला हे सांगताना दादाची फार पंचाईत झाली. कॉलिननं विचारलं, मग दुकानातून योगर्ट आणलं तर नाही का चालणार?

एका रविवारी दुपारी आम्ही चौघं टेबलाशी मटार सोलत होतो. विषय कुणीच काढला नव्हता. आईच म्हणाली, "मी दही घालीन. पण एक ऐकायचं."

दादानं मान वर केली.

"माथ्यावर पाय ठेवायचा नाही. ते लोक थांबले तसं अलीकडे थांबायचं."

"आई, तो शिखर लहान आहे. त्याला तर—"

"ते शिखर."

"ते शिखर. त्याला नाव पण नाही."

"नाव नाही म्हणजे देव नाही, असं कुठं आहे?" मग ती बाबांकडे वळली. "अहो, असंच असतं ना? सगळे थांबतात ना तिथं?"

बाबांच्या हातात एक शेंग होती. त्यांनी ती नखानं उघडली, दाणे भांड्यात पाडले. ज्या माणसाला त्या सगळ्या डोंगरांचा इतिहास पाठ होता, कोण कुठून परतला, कोण कुठं राहिला हे जो झोपेत सांगू शकला असता, त्याला ही रीत फक्त त्या एका शिखराची आहे हे माहीत नव्हतं असं नाही.

"हो," बाबा म्हणाले. "थांबतात."

दादानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. "ओके. थांबेन. प्रॉमिस." आई उठली आणि तिनं मटारांचा भात लावला. संध्याकाळी बाबांनी कपाटाच्या वरून जुना ॲटलास काढला आणि दादाला जवळ बोलावलं. दोघांची डोकी त्या पानावर एकत्र आलेली मला दिसतात. बाबांना त्यानं जायला हवं होतं. आईनं नाही म्हणू नये एवढंच त्यांना त्या क्षणी हवं होतं, आणि एक शब्द टाकून ते मिळत होतं. एवढ्या दूर, एवढ्या उंच, त्या शब्दाला कोण विचारणार होतं?

ते निघाले तेव्हा आईनं डिंकाच्या लाडवांचा डबा दिला, मेतकूट दिलं, आणि कॉलिनच्या हातावरही दही घातलं. त्यानं ते चाटून आणखी मागितलं. नंतर कितीतरी आठवडे घरात वाचन झालं नाही. बाबा टेबलाशी बसायचे आणि पुस्तक न उघडताच जेवायचे.

दादा परत आला तेव्हा त्याच्या नाकाची साल निघाली होती, गाल बसले होते. दारातच आईनं विचारलं, "झालं ना?" तो म्हणाला, "झालं." तिनं पुढे काही विचारलं नाही. तिला दोन्ही गोष्टी मिळाल्या होत्या, मुलगाही आणि शब्दही. तिनं दुधाची पावडर आटवून पेढे केले. तो झोपून होता, जेवत होता, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत होता. कॉलिन मात्र आला नाही. पायाची बोटं दुखावलीत म्हणून, असं दादा म्हणाला.

संक्रांतीला आमच्या मंडळानं दादाचा, म्हणजे शिरीषचा, सत्कार ठेवला. दर वर्षीचाच चर्चचा हॉल, तेच थंडगार रेडिएटर, मागच्या टेबलावर बटाटेवड्यांचे ट्रे आणि चहाचा मोठा बंब. आई पहिल्या रांगेत, काळी चंद्रकळा नेसून. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर, वयानं ज्येष्ठ आणि माईकचे शौकीन. त्यांनी आग्रहानं कॉलिनलाही बोलावलं होतं आणि तो चक्क टाय लावून, किंचित लंगडत आला होता. दादाला शाल, नारळ मिळाला. कॉलिनलाही मिळाला. त्यानं नारळ काखेत धरला, फुटबॉल धरतात तसा, आणि लोक हसले. मग अध्यक्षांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं.

त्याला भाषण येत नव्हतं. त्यानं आपलं खरं ते सांगितलं. म्हणाला, तुम्ही हे सगळं केलंत म्हणून थँक यू, पण मला वाटतं तुमचा गैरसमज झालाय, आम्ही ते शिखर चढलो नाही. धारेवरून आम्ही वर आलो, पुढे शिरीष होता. हवा स्वच्छ होती. माथा समोर होता, ह्या हॉलच्या स्टेजपासून त्या चहाच्या टेबलाइतका लांब. तिथं शिरीष थांबला. मला वाटलं दम खातोय. मग तो म्हणाला, इथूनच परत. धारेच्या एका बाजूला बर्फ नुसतं हवेत लोंबत होतं, दोर सोडून मला एकट्याला पुढे जाता येण्यासारखं नव्हतं. कांचनजंगावर लोक थांबतात, कारण तिथं तसा शब्द दिलेला आहे. आमच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. परत येताना त्यानं सांगितलं की आईला कबूल केलं होतं. मी समजू शकतो. म्हणजे, मी प्रयत्न करतोय.

 मी आईच्या मागेच बसले होते. तिची मान मला दिसत होती. मग अध्यक्षांनी माईक हातात घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता. ते म्हणाले, "बघा. इथं जन्मलेला, इथं वाढलेला मुलगा. शिखर समोर असताना आईच्या शब्दासाठी मागे फिरला. आपण आपल्या मुलांना संस्कार देतो म्हणजे काय देतो, ते आज कळलं." आणि हॉल उठून उभा राहिला. इतक्या टाळ्या त्या हॉलनं कधी ऐकल्या नसतील. बायका येऊन आईचे हात हातात घेत होत्या. एकीनं तिला तिळगूळ भरवला. तो तोंडात घेऊन आई तशीच उभी होती, चावत नव्हती. कॉलिन नारळ घेऊन बाजूला उभा राहिला, आणि चहा न घेताच निघून गेला.

 घरी आल्यावर आई कोट न काढताच टेबलाशी बसली.

"तुम्हाला माहीत होतं," ती बाबांना म्हणाली.

बाबा म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग तो दोन दिवस धुसफुसला असता आणि गेला असता. मी दहीही घातलं असतं, किती दिवस नाही म्हणणार होते मी? आणि मग तो वर गेला असता."

बाबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना काही सांगायचं होतं असं मला वाटलं, पण त्यांच्याजवळ ते मराठीत नव्हतं आणि इंग्रजीतही नव्हतं.

आई दादाकडे वळली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "मला चुकीचं सांगितलं. तुला तर खरं माहीत होतं. मग तू का थांबलास रे?"

दादा दाराला टेकून उभा होता, शाल अजून खांद्यावर. "जाताना ठरवलं नव्हतं," तो म्हणाला. "तिथं बघू, असं वाटलं. पण तिथं गेल्यावर… बाबा तुला हो म्हणाले तेव्हा मी पण इथेच बसलो होतो, आई. मी पण गप्प बसलो. मग ते खरं करायला नको?"

आईनं टेबलावर हात पसरले. "परत जा," ती म्हणाली. "मी सांगते. जा आणि ठेव पाय."

"आता तसं नसतं," दादा म्हणाला.

पुढच्याच शरदात दुसऱ्या देशाची एक तुकडी त्या शिखरावर गेली. त्यांची वाट शेवटपर्यंत दादाचीच होती. पहिल्या चढाईचा मान त्यांना मिळाला आणि त्यांनी शिखराला एक नावही दिलं. आमच्या मुलांच्या मोहिमेचा उल्लेख गिर्यारोहणाच्या नियतकालिकात एका ओळीचा, प्रयत्न म्हणून. बाबांनी तो अंक लायब्ररीतच वाचला, घरी आणला नाही. कॉलिननं चढण्यासाठी दुसरा जोडीदार शोधला. भांडण असं झालं नाही. ख्रिसमसला त्याचं कार्ड यायचं, मग तेही थांबलं. दादानं दोर विकून टाकला आणि ब्रॅकनेलला एका कम्प्युटर कंपनीत नोकरी धरली. चांगली नोकरी होती, त्यानं ती चांगली केली. त्याचं आयुष्य वाईट गेलं असं मी म्हणणार नाही. पण अठराव्या, विसाव्या वर्षी तो ज्या पद्धतीनं खोलीत शिरायचा, खांदे पुढे टाकून, जणू खोलीच्या पलीकडे काहीतरी आहे, तसा तो पुन्हा कधी शिरला नाही.

काही वर्षांनी, दादा वीकेंडला घरी आला असताना, आई म्हणाली, मला एखाद्या डोंगरावर ने. आम्हाला हसू आलं. ती शाळेच्या जिन्यावरही कठड्याला धरून चढायची. पण ती गंभीर होती. बाबांना ती चल म्हणाली नाही. ते पेपर घेऊन घरीच राहिले. दादानं सगळ्यांत सोपी टेकडी निवडली, जिच्यावर सहलीची मुलं आणि कुत्री पळत चढतात. आईनं साडी वर खोचली, माझे ट्रेनर शूज घातले आणि ती चढली. बऱ्याचदा बसली. मेंढ्या तिच्याकडे बघत होत्या, तीही त्यांच्याकडे बघत होती. दादा तिच्या पुढे चालत होता, मागे वळून वळून, जिथं निसरडं असेल तिथं हात देत. मी दोघांच्या मागे.

माथा दिसायला लागला तसा तो बाजूला झाला. "तू हो पुढे, आई."

ती गेली. वर उंची मोजणाऱ्यांचा एक पांढरा खांब होता, त्याला हात लावून ती उभी राहिली. वारा बराच होता, तिचा पदर सरळ आडवा उडत होता. तिनं वळून पाहिलं. दादा थोडा अलीकडे उभा होता, खिशात हात घालून.

"ये ना," ती म्हणाली.

"मला इथूनच दिसतंय."

"शिरीष. ये."

तो हसला. त्यात राग नव्हता, मी त्याचा चेहरा नीट पाहिला आहे. त्यानं पाय उचलून बघितला असंही मला वाटलं. मग तो खाली टेकडीच्या पायथ्याशी उभ्या गाड्यांकडे बघायला लागला. आई वर वाट बघत राहिली. मग तिनं खांबावरचा हात काढला, साडी धरली, आणि एकेक पाऊल तपासत, वर जाताना लागला त्यापेक्षा जास्त वेळ घेत ती खाली उतरली आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.